टाकीतली गोगलगाय : तिचे वागणे, तिचे आरोग्य आणि नाशिकचे पाणी

फिश टँकसाठी मासे आपण हौसेने निवडून आणतो. गोगलगाय बहुतेक घरांत न बोलावता येते. दुकानातून आणलेल्या पाणवनस्पतीच्या पानाखाली अंड्यांचा पारदर्शक ठिपका चिकटलेला असतो, तो कोणाच्या लक्षात येत नाही आणि महिन्या-दीड महिन्यात काचेवर पाच-पंचवीस पिल्ले फिरू लागतात. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कीड लागली, औषध टाका. दुसरा म्हणतो, राहू द्या, टाकी साफ ठेवतील. गोगलगायीकडे नीट पाहण्याची गरज मात्र दोघांनाही वाटत नाही.

नाशिकसारख्या शहरात हे पाहणे विशेष उपयोगाचे आहे. इथे नळाला धरणाचे पाणी येते, बोअरला काळ्या कातळातले, स्वयंपाकघरात आरओचे यंत्र असते आणि शहराच्या वेशीपासून द्राक्षबागा सुरू होतात. या प्रत्येक गोष्टीचा गोगलगायीच्या जगण्या-मरण्याशी थेट संबंध आहे. आजवरची शास्त्रीय माहिती आणि टाकी सांभाळणाऱ्यांचा अनुभव एकत्र मांडला की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. गोगलगाय आजारी आहे असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा बिघडलेले असते ते पाणी, आणि ते बिघडल्याची पहिली खूण तिच्या वागण्यात दिसते.

टाकीत नेमके कोण आहे?

सगळ्या गोगलगायींना एकच नियम लावणे ही पहिली चूक. दुकानात ‘मिस्ट्री स्नेल’ म्हणून मिळणारी मोठी, पिवळी किंवा निळसर गोगलगाय मूळची दक्षिण अमेरिकेतली, पोमॅशिया प्रजातीतली. चपट्या चकतीच्या आकाराची ‘रॅम्सहॉर्न’, काचेवरचे शेवाळ खाणारी ‘नेराइट’, वाळूत राहणारी लांबट निमुळती ‘मलेशियन ट्रम्पेट’ आणि इतर गोगलगायींवर जगणारी ‘असॅसिन’ या बाजारातल्या नेहमीच्या जाती. यांतली ट्रम्पेट, म्हणजे मेलॅनॉइडिस ट्यूबरक्युलाटा, नावाने परदेशी वाटली तरी आपल्या नद्या-तलावांत मुळातच राहते.

आपल्या पाण्यात आणखीही आहेत. पिला ही मोठी, गोल, झाकणवाली गोगलगाय. बेलामिया बेंगालेन्सिस ही हिरवट शंखावर गडद पट्टे असलेली, अंडी न घालता थेट पिल्ले देणारी. इंडोप्लॅनॉर्बिस ही देशी चकती, आणि पातळ शंखाची लिम्निया.

न बोलावता आलेली पाहुणी ओळखायची एक सोपी रीत आहे. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे येईल असा तो धरावा. तोंड उजव्या हाताला आले तर ती बहुधा लिम्निया. डाव्या हाताला आले आणि शंख लहान, चकचकीत, तपकिरी ठिपक्यांचा असेल तर ती उत्तर अमेरिकेतून जगभर पसरलेली फायसेला अक्यूटा, म्हणजे हौशी लोकांची ‘ब्लॅडर स्नेल’. दुसरी खूण झाकणाची. पिला, बेलामिया, नेराइट, ट्रम्पेट यांच्या पायाला शंखाचे तोंड बंद करणारे कडक झाकण असते. लिम्निया, फायसेला आणि रॅम्सहॉर्न यांना ते नसते. झाकणवाल्या जाती वाईट दिवस दार लावून काढतात. बिनझाकणाच्या जातींना तेवढे संरक्षण नाही. त्या भराभर वाढून आपली संख्या राखतात.

आपले ज्ञान मेलेल्या गोगलगायीचे

भारतात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचा अभ्यास जुना आहे. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत प्रेस्टन यांचा खंड १९१५ साली आला. बैनी प्रशाद यांनी पिलाच्या शरीररचनेवर १९२५ साली सविस्तर लिहिले आणि १९३२ सालचे त्यांचे ‘पिला’ हे छोटे पुस्तक प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने १९८९ साली सुब्बा राव यांची हस्तपुस्तिका काढली. ओळख पटवण्यासाठी ती आजही उघडावी लागते.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पिला वर्षानुवर्षे ट्रेमध्ये टाचण्यांनी खोचली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली विच्छेदन बंद केले आणि ते योग्यच झाले. तोवर हजारो विद्यार्थ्यांनी पिलाची चेतासंस्था काढून दाखवली होती, रेडुला या किसणीसारख्या पट्टीवरच्या दातांचे २-१-१-१-२ हे सूत्र पाठ केले होते. तीच पिला रात्री कशी फिरते, श्वास घ्यायला किती वेळा वर येते, कोणत्या पाण्यात अंग आत ओढून घेते, हे पाहण्याची सोय अभ्यासक्रमात नव्हती. दुसरीकडे परोपजीवींचा अभ्यास करणाऱ्यांनी गोगलगायीकडे रोगाची वाहक म्हणून पाहिले आणि शेतकऱ्याने पिकाची शत्रू म्हणून. २०२२ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपे जमिनीवरच्या गोगलगायींनी फस्त केली, तेव्हा तसे पाहणे साहजिकही होते. जिवंत, निरोगी पाणगोगलगाय दिवसचे दिवस पाहिली ती टाकी बाळगणाऱ्यांनीच. त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. त्याला शास्त्राची जोड मिळायला हवी.

वागण्यातून काय वाचावे?

पिला किंवा मिस्ट्री स्नेल पृष्ठभागाजवळ येते, मानेच्या डाव्या बाजूची कातडी गुंडाळून नळी करते, ती पाण्याबाहेर काढते आणि शरीर मागेपुढे करत हवा ओढते. तिच्या शरीरात कल्लाही असतो आणि फुप्फुसाची पिशवीही. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तर कल्ल्यावर भागते. कमी पडला की वर येण्याच्या खेपा वाढतात. म्हणून पाण्याची पातळी आणि झाकण यांत दोन-तीन इंच मोकळी जागा हवी. काठोकाठ भरून घट्ट झाकलेल्या टाकीत ही गोगलगाय गुदमरून मरू शकते. त्या मोकळ्या जागेचा दुसरा उपयोग प्रजननाला. मिस्ट्री स्नेल अंड्यांचा फिकट गुलाबी घोस पाण्याच्या वर, काचेला चिकटवते. आपली पिला तळ्याकाठच्या ओल्या मातीत पांढरी अंडी घालते, त्यामुळे साध्या टाकीत तिची वाढ होत नाही.

हीच गोगलगाय कधी कधी दोन दिवस पृष्ठभागावर तरंगत राहते आणि मालक ती मेली समजून फेकून देतो. पुष्कळदा तिच्या पिशवीत हवा जास्त भरलेली असते, एवढेच. खात्री करायची तर तिला बाहेर काढून झाकणाला बोट लावावे. जिवंत असेल तर ती झाकण आत ओढते. मेलेली असेल तर झाकण सैल लोंबते आणि वास असा येतो की शंका उरत नाही. अशी गोगलगाय तत्काळ काढावी, कारण कुजणारे मांस लहान टाकीत अमोनिया वाढवते आणि एका मृत्यूमागून दुसरे मृत्यू होतात.

ट्रम्पेट दिवसभर वाळूत पुरलेली असते आणि अंधार पडला की बाहेर येते. ती वाळू खालीवर करते, त्यामुळे तळाशी कुजट थर साचत नाही. भर दुपारी सगळ्या ट्रम्पेट वाळू सोडून काचेच्या वरच्या कडेला जमल्या तर तळाशी काहीतरी बिघडले आहे असे समजावे. प्राणवायू कमी झाला असेल, अन्न कुजले असेल किंवा अमोनिया वाढला असेल. त्या वेळी पहिला उपाय म्हणजे २५-३० टक्के पाणी बदलणे आणि हवेचा पंप वाढवणे.

प्रत्येक चढणे संकटाचे नसते. एखादी फायसेला चिरडली गेली की तिच्या शरीरातून सुटलेली रसायने इतरांना कळतात आणि त्या लपतात किंवा पाण्याच्या वर सरकतात. नेराइट स्वभावानेच बाहेर पडणारी आहे, म्हणून झाकण लागतेच. नव्या टाकीत सोडलेली गोगलगाय एक-दोन दिवस बंद बसली तर काळजी नको.

गोगलगाय शिकते, हेही आता सिद्ध आहे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात केन लुकोविआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली लिम्निया स्टॅग्नालिसवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात ती श्वासासाठी छिद्र उघडू लागली की त्याला हलकाच स्पर्श करायचा. काही खेपांनंतर ती छिद्र उघडणे कमी करते आणि हे नंतरही लक्षात ठेवते. याच गटाने २०११ साली दाखवले की पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर तिची दीर्घकालीन स्मृती तयारच होत नाही. शंखासाठी लागणारा क्षार वागण्यासाठीही लागतो. वागणे आणि आरोग्य यांचा विचार एकत्रच का करायचा, याचे यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही.

शंख : आरोग्याची नोंदवही

शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि त्यावर एक पातळ सेंद्रिय आवरण असते. टोक हा शंखाचा सर्वांत जुना भाग; तोंडाची कड सर्वांत नवी. टोकाकडे पांढरट खड्डे पडले असतील तर आवरण झिजून आम्लधर्मी पाणी आतला चुना विरघळवत आहे. तोंडाजवळची नवी वाढ पातळ, फाटकी किंवा ठिसूळ असेल तर खाण्यात किंवा पाण्यात कॅल्शियम अपुरे आहे. दोन्ही एकदम दिसत असतील तर दोन्ही कारणे तपासावीत. झिजलेला भाग बाहेरून पुन्हा भरून येत नाही. पाणी सुधारल्यावर नवी कड जाड आणि सरळ येऊ लागली की उपाय लागू पडला असे समजावे.

नाशिक महापालिकेचे पाणी मुख्यतः गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांतून येते. धरणाचे पाणी तुलनेने मऊ. बेसॉल्टच्या कातळातून येणारे बोअरचे पाणी सहसा जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे. माणसाला नकोसे वाटणारे हे जड पाणी गोगलगायीला मानवते. उलट आपण शुद्ध म्हणून जे वापरतो ते तिला मारक ठरते. आरओच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास उरतच नाही. काही सोसायट्यांत बसवलेले सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडते. ते पाणी टाकीत घालू नये. टीडीएस मीटरचा आकडा इथे दिशाभूल करू शकतो, कारण तो एकूण क्षार सांगतो, कॅल्शियम किती हे सांगत नाही. त्यासाठी जडपणा मोजणारे थेंबांचे किट घ्यावे. पीएच ७ ते ८ च्या दरम्यान राहिला तर शंख सुरक्षित राहतो.

कॅल्शियम पुरवायला महागडी बाटली लागत नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेन, उकळून वाळवलेली अंड्याची टरफले किंवा संगमरवराचे तुकडे पुरेसे होतात. खाण्यात उकडलेला पालक, काकडीची किंवा दोडक्याची फोड चालते. भाजी भरपूर पाण्यात धुवावी आणि शक्यतो सोलावी. कीटकनाशकाचा अंश माशाआधी गोगलगायीला लागू शकतो. खाताना तिला जरूर पाहावे. काचेच्या बाहेरून भिंग धरले की तोंड उघडते आणि रेडुलाची पट्टी बाहेर येऊन काचेवरचे शेवाळ किसणीसारखे खरवडते. मागे नागमोडी, स्वच्छ रेघ उरते. निरोगी गोगलगाय रोज अशा रेघा काढते. त्या दिसेनाशा झाल्या की पाणी तपासण्याची वेळ आली.

तांबे : नाशिककरांनी जपायची गोष्ट

गोगलगायीचा सर्वांत मोठा रासायनिक शत्रू तांबे. पाणगोगलगायी मारण्यासाठी जगभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, वापरले गेले, इजिप्तमध्ये तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच. काही जातींना लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही शतांशांइतके तांबेही काही दिवसांत मारते आणि मऊ पाण्यात हा परिणाम अधिक तीव्र असतो.

आता नाशिक पाहा. द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण इथल्या बागायतदाराच्या नित्याच्या वापरातले. जमिनीत पडलेले तांबे बहुतांशी मातीलाच धरून राहते, पण फवारणीची बादली, नळी किंवा ड्रम टाकीच्या कामाला आणला तर ते थेट पाण्यात उतरते. बागेच्या बांधावरचे दगड आणि पाटातली वनस्पती टाकीत घालण्याचा मोहही टाळावा.

दुसरी गोष्ट तांब्या-पितळेच्या भांड्यांची, ज्यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले की तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जिवाणू मरतात. त्या पाण्यात उतरणारे तांबे माणसासाठीच्या लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी होते. माणसाला निर्धोक असलेले तेच पाणी गोगलगायीला घातक ठरू शकते. म्हणून हंड्यात मुरवलेले पाणी टाकीत ओतू नये. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची काही औषधेही तांब्याचीच असतात. बाटलीवरचा मजकूर वाचावा आणि औषध द्यायचे असेल तर आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढावा.

क्लोरीनचा प्रश्न सोपा आहे. नळाचे पाणी २४ तास उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरावेत.

तापमानाचे मात्र नाशिकला दोन टोकांचे आव्हान आहे. निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांखाली उतरतो. एप्रिल-मेमध्ये दुपार ४० अंशांच्या आसपास जाते. बहुतेक जातींना २२ ते २८ अंशांचे पाणी ठीक. थंडीत त्या मंदावतात, खाणे सोडतात. गरम पाण्यात भराभर वाढतात आणि लवकर मरतात. मिस्ट्री स्नेलचे आयुष्य मुळात एक-दोन वर्षांचे, उष्ण पाण्यात ते आणखी आखूड होते. आपली पिला मात्र उन्हाळ्यासाठी सिद्ध असते. तळे आटले की ती चिखलात शिरते, झाकण लावते आणि पावसाची वाट पाहत महिनोन्‌महिने निपचित राहते. व्ही. आर. मीनाक्षी यांनी १९६४ साली पिलाच्या या उन्हाळी निद्रेचा प्रयोगांनी अभ्यास केला.

रोग, जंत आणि माणूस

टाकीत जन्मलेली गोगलगाय माणसाला रोग देत नाही. नदी-तळ्यातून उचलून आणलेल्या गोगलगायीबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. इंडोप्लॅनॉर्बिस ही गुरांच्या रक्तात राहणाऱ्या शिस्टोसोमा जंतांची वाहक, तर लिम्निया यकृतातल्या फॅसिओलाची. गोगलगायीतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म अळ्या माणसाच्या कातडीत शिरल्या तर खाज आणि पुरळ उठते.

महाराष्ट्राचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमा रोगाचे केंद्र असल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली जगासमोर आणले. भारतात हा रोग माणसात नाही असे तोवर मानले जाई. पुढे या जंताची वाहक म्हणून फेरिसिया नावाची, काही मिलिमीटरची, टोपीच्या आकाराची गोगलगाय सापडली. गोगलगायीतला जंतांचा संसर्ग तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जात नाही. त्यामुळे ज्या तळ्यात गुरे बसतात तिथल्या गोगलगायी टाकीसाठी आणू नयेत आणि टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवावेत, एवढी दक्षता पुरते.

गोगलगायीच्या अंगावर पांढरे, दोऱ्याएवढे बारीक किडे वळवळताना दिसले तर ते बहुधा केटोगॅस्टर. ते तिला फारसा त्रास देत नाहीत. त्यासाठी जंतनाशक टाकण्याची घाई करू नये, कारण काही जंतनाशके किड्यांबरोबर गोगलगायही मारतात.

कीड की सोबतीण?

गोगलगायींची संख्या अचानक वाढली तर त्याचे कारण माशांना घातलेल्या जास्तीच्या खाण्यात असते. रॅम्सहॉर्न आणि फायसेला उभयलिंगी असतात, एकटीही अंडी घालू शकते. ट्रम्पेटची मादी नराशिवाय पिल्ले देते. त्यामुळे ‘एकच ठेवली होती’ हा हिशेब चालत नाही. विष टाकल्याने शेकडो गोगलगायी एकदम कुजतात आणि मासे दगावतात. रात्री काकडीची फोड तळाशी ठेवावी, सकाळी तिच्यावर जमलेल्यांसह काढावी आणि खाणे निम्म्यावर आणावे. काही आठवड्यांत संख्या आटोक्यात येते. या प्रश्नावर हौशी लोकांचा अनुभव आणि जीवशास्त्र यांत मतभेद नाही.

काढलेल्या गोगलगायी कुठे टाकायच्या हा यापेक्षा गंभीर प्रश्न आहे. पोमॅशिया कॅनालिक्युलाटा १९८० च्या सुमारास खाण्यासाठी तैवानात नेली गेली, तिथून फिलिपिन्स आणि आग्नेय आशियाच्या भातशेतीत पसरली आणि आज जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत आहे. दुकानातली मिस्ट्री स्नेल तिची जवळची नातेवाईक. पिल्लांत फरक ओळखणे कठीण असते.

आपल्याकडे गोदावरीवरची पाणवेल आणि उजनीत जाळ्यात येणारा सकर मासा हे सोडून दिलेल्या परक्या जीवांचे परिणाम डोळ्यांसमोर आहेत. गोदावरी-कादवेच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. २०२० साली हा दर्जा जाहीर झाला. तिथे दिसणारा उघड्या चोचीचा करकोचा मुख्यतः पिलावर जगतो. त्याच्या चोचीतली फट आणि निमुळती टोके गोगलगाय शंखातून सोडवण्याच्या कामाची. देशी गोगलगाय गेली तर तो पक्षीही जाईल. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलणे कायद्यानेही मना आहे. सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर राहणारी क्रेम्नोकॉन्कस तर समुद्रकाठच्या गोगलगायींच्या कुळातली, जगात दुसरीकडे कुठेही न आढळणारी. ती टाकीत आणण्याचा विचारही करू नये.

निष्कर्ष

गोगलगाय टाकी ‘साफ’ करत नाही. ती शेवाळ आणि उरलेले अन्न खाते आणि स्वतःही घाण करते, म्हणून पाणी बदलण्याला पर्याय नाही. ती कीडही नाही. तिची संख्या आपल्याच हाताच्या मापावर ठरते. तिच्या बहुतेक दुखण्यांची कारणे चार : कॅल्शियमची कमतरता, आम्लधर्मी पाणी, तांबे आणि कुजणारे अन्न. चारही कारणे औषधाच्या बाटलीवाचून दूर करता येतात.

नाशिकच्या टाकी बाळगणाऱ्यांना आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आठवड्यातून एकदा गोगलगायी कुठे आहेत, काय करत आहेत, शंखाची नवी कड कशी आहे आणि त्या दिवशीचा पीएच, जडपणा, तापमान किती, एवढे वहीत लिहा. विच्छेदनाची जागा या जिवंत निरीक्षणाने घेतली तर आपल्या पाण्याबद्दल आणि आपल्या गोगलगायींबद्दल खूप काही कळेल. आणि नको झालेली एकही गोगलगाय, एकही अंडे किंवा टाकीतली पाणवनस्पती गोदावरीत, कालव्यात किंवा विहिरीत सोडू नका.